पंपाचा पंखा आणि गावाचे पाणी

वाशिमचे पठार दोन मोठ्या खोऱ्यांच्या माथ्यावर वसले आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेस मिळते आणि पूर्णेच्या द्वारे तिचे पाणी तापीस जाते. अडाण व अरुणावती या नद्या मात्र पैनगंगेची वाट धरतात आणि त्यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचते. अशा माथ्यावरील प्रदेशात पाऊस पडतो, परंतु पाणी फार काळ मुक्काम करीत नाही. जमिनीखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. त्यांच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जे काही पाणी साठते त्यावरच विहिरींना उन्हाळा काढावा लागतो. मालेगाव तालुक्यातील अनेक गावांची तहान आणि रब्बीच्या गहू-हरभऱ्याची भिस्त या साठ्यावर असते.

विहिरीच्या तळातील हे पाणी गावाच्या टाकीपर्यंत चढविणारे साधन म्हणजे पंप. मार्च उजाडला की ग्रामपंचायतींच्या सभांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: "मोटार चालते, पण पाणी येत नाही." या तक्रारीवर पुष्कळदा एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे नवीन पंपाची खरेदी. मग अंदाजपत्रक, दरपत्रके आणि मंजुरी यांत दिवस जातात आणि तोवर हंडे घेऊन शिवारातील विहिरीवर जाण्याचे काम घरातील स्त्रिया व मुली यांच्या वाट्यास येते. वास्तविक बऱ्याच वेळा पंपाचा बिघाड त्याच्या एका लहानशा भागापुरताच असतो. हा भाग म्हणजे पंपाच्या पोटातील फिरता पंखा, ज्यास कारागीर 'इंपेलर' म्हणतात. त्याची किंमत संपूर्ण पंपाच्या किंमतीच्या मानाने अल्प असते. तो केव्हा बदलावा, कसा बदलावा आणि मुख्य म्हणजे केव्हा बदलू नये, याची माहिती पंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांना असल्यास गावाचा पैसा आणि वेळ दोन्ही वाचू शकतात.

मोटेपासून मोटारीपर्यंत

पूर्वी बैलजोडी आणि मोट यांच्या साहाय्याने विहिरीचे पाणी उपसले जाई. मोटेने पाणी ठराविक मापाने वर येई. बैल थकले की पाणी थांबे. पाण्याला गोल फिरवून त्याच्या वेगाच्या बळावर ते वर चढवावे ही कल्पना मोटेहून अगदी निराळी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस या तत्त्वावरील यंत्र तयार केले होते. तथापि त्याचे व्यावहारिक महत्त्व जगाच्या नजरेस आले ते १८५१ साली. त्या वर्षी लंडन येथे भरलेल्या महाप्रदर्शनात जॉन ॲपोल्ड या इंग्रज संशोधकाने वक्र पात्यांचा पंप मांडला. सरळ पात्यांच्या पंपापेक्षा तो त्याच शक्तीत कितीतरी अधिक पाणी उचलीत असे. पात्याचा बाक हा केवळ शोभेचा नसून त्यावर पंपाचे सारे काम अवलंबून असते, हे त्या वेळी सिद्ध झाले.

महाराष्ट्रात या यंत्राचा इतिहास किर्लोस्करवाडीशी निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर आपला कारखाना वसविला. लोखंडी नांगरासाठी प्रसिद्ध असलेल्या या कारखान्यात १९२६ मध्ये अपकेंद्री पंप तयार झाला. देशी बनावटीच्या पंपांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. पुढे १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना झाली, खेडोपाडी वीज पोहोचू लागली आणि विहिरीवरील मोट हळूहळू अडगळीत गेली. आज मोट पाहिलेली पिढी थोडी उरली आहे. परंतु तिच्या जागी आलेल्या पंपाच्या पोटात काय आहे हे पाहिलेली माणसेही फार नाहीत.

पंखा पाणी कसे चढवितो

ताक घुसळताना रवी वेगाने फिरविली की मध्यभागी खळगा पडतो आणि ताक भांड्याच्या कडेने वर चढते. अपकेंद्री पंपाचे तत्त्व हेच आहे. पंख्याच्या मध्यभागी असलेल्या तोंडातून, ज्यास 'डोळा' म्हणतात, पाणी आत शिरते. वक्र पात्यांमध्ये सापडलेले हे पाणी पंख्याबरोबर फिरते आणि वेगाने कडेकडे फेकले जाते. पंख्याभोवतीचे कवच शंखाच्या आकाराचे असते. त्याची वाट हळूहळू रुंद होत गेल्यामुळे पाण्याचा वेग कमी होतो व त्या वेगाचे रूपांतर दाबात होते. हा दाब पाण्याला नळातून वर ढकलतो. दरम्यान मध्यभागी दाब कमी झालेला असतो. म्हणून विहिरीतील पाण्यावर असलेला हवेचा दाब नवीन पाणी वर पाठवितो.

येथे एक आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. साध्या मोनोब्लॉक पंपाची मोटार मिनिटास सुमारे २,८८० फेरे घेते. पंख्याचा व्यास १४ सेंटिमीटर धरल्यास त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे २१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७६ किलोमीटर होतो. महामार्गावरील वाहनाच्या वेगाने हा तुकडा दिवसातून कित्येक तास गढूळ पाण्यातून धावत असतो. पाण्यात बारीक वाळू असेल तर त्या वेगाने ती कानसेसारखे काम करते. पंखा झिजतो यात नवल नाही. तो इतके दिवस टिकतो हेच विशेष.

याच तत्त्वावरून आणखी एक मर्यादा ध्यानात येते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे, परंतु पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभास तोलून धरतो. पठारावर तो त्याहून काहीसा कमी असतो. नळातील घर्षण व इतर तूट वजा जाता पंप आणि विहिरीतील पाणी यांच्यामध्ये ६ ते ७ मीटरांहून अधिक अंतर असू नये. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते आणि पंप मात्र जेथल्या तेथे राहतो. अशा वेळी दोष पंख्याचा नसून अंतराचा असतो.

आधी निदान, मग उपचार

पाणी कमी येऊ लागताच पंप खोलणे योग्य नव्हे. आधी काही गोष्टी बाहेरूनच तपासाव्यात. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण सोपे व बिनखर्चाचे कारण आधी वगळावयाचे असते.

प्रथम विहिरीतील पाण्याची पातळी मोजावी. अंतर ७ मीटरांवर गेले असेल तर पंप खाली घेणे हाच उपाय. दुसरी गोष्ट फूट व्हॉल्व्हची. गावात त्याला सर्रास 'फुटबॉल' म्हणतात. पंप बंद केल्यावर त्यात भरलेले पाणी थोड्याच वेळात उतरून जात असेल तर फूट व्हॉल्व्हची चकती झिजली आहे किंवा तिच्यात कचरा अडकला आहे असे समजावे. तिसरी गोष्ट ओढ-नळाच्या सांध्यांची. सांध्यातून हवा शिरत असेल तर पाण्याची धार फुसफुसत, तुटक येते. चौथी गोष्ट मोटारीच्या फिरण्याच्या दिशेची. त्रिफेज मोटारीच्या तारा दुरुस्तीनंतर उलट्या जोडल्या गेल्या तर मोटार उलटी फिरते. पंप तेव्हाही थोडे पाणी देतो, म्हणून ही चूक अनेक दिवस लक्षात येत नाही. कवचावरील बाण आणि प्रत्यक्ष दिशा यांची तुलना केल्यास तिचा उलगडा तत्काळ होतो. पाचवी गोष्ट विजेच्या दाबाची. फेरे कमी झाले की पाणी त्याच प्रमाणात कमी होते, परंतु पाणी चढविण्याची उंची वर्गाच्या प्रमाणात घटते. फेरे दहा टक्क्यांनी घटले तर उंची सुमारे १९ टक्क्यांनी घटते. उंच टाकीपर्यंत पाणी न पोहोचण्यास एवढेही पुरे होते.

या पाचही गोष्टी ठीक असतील तर संशय पंख्यावर जातो. त्याची खातरजमा करण्यासाठी दोन साध्या चाचण्या आहेत.

पहिली चाचणी पिंपाची. टाकीच्या तोंडाशी २०० लिटरचे पिंप ठेवून ते किती सेकंदात भरते ते पाहावे. ४० सेकंदात भरल्यास पंप सेकंदास ५ लिटर पाणी देतो. पंप नवा असताना हा आकडा लिहून ठेवला असेल तर आजची तुलना लगेच करता येते.

दुसरी चाचणी दाबमापकाची. पंप चालू असताना बाहेर जाणाऱ्या नळावरील झडप क्षणभर पूर्ण बंद करावी आणि दाब वाचावा. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंची. उत्पादकाच्या तक्त्यात दिलेल्या उंचीपेक्षा ही उंची बरीच कमी असेल आणि मोटारीचे फेरे व दिशा योग्य असतील, तर पंखा किंवा त्याभोवतीचे झीज-कडे झिजले आहे असे समजण्यास हरकत नाही. मात्र झडप अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ बंद ठेवू नये; आतील पाणी तापून सील खराब होते.

झीज वाचता आली पाहिजे

पंखा बाहेर काढल्यावर तो भंगारात टाकण्यापूर्वी नीट पाहावा. त्याच्या अंगावर त्याच्या आजाराचा इतिहास लिहिलेला असतो. पात्यांच्या कडा गुळगुळीत, पातळ व धारदार झाल्या असतील तर ते वाळूचे काम होय. याउलट, पात्यांवर, विशेषतः डोळ्याच्या बाजूस, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे बारीक खड्डे पडलेले असतील तर कारण वेगळे आहे. ओढीचे अंतर फार झाले किंवा जाळी तुंबली की पंख्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाण्याचे तेथेच वाफेचे बुडबुडे होतात. पुढे दाब वाढताच हे बुडबुडे फुटतात आणि प्रत्येक स्फोटाबरोबर धातूचा कण उडतो. पंप चालू असताना त्यात खडी खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल तर हीच क्रिया चालू आहे असे ओळखावे.

हा भेद महत्त्वाचा आहे. वाळूने झिजलेला पंखा बदलल्यास आणि विहिरीतील गाळ काढल्यास काम भागते. बुडबुड्यांनी खाल्लेला पंखा नुसता बदलला तर नवा पंखाही त्याच वाटेने जातो. तेथे पंप खाली घेणे, ओढ-नळाचा व्यास वाढविणे किंवा जाळी साफ करणे हाच खरा उपाय. वर्षातून दोन-दोन वेळा पंखा बदलूनही ज्या गावाची तक्रार मिटत नाही, तेथे बहुधा हेच घडत असते.

तिसरा प्रकारही आढळतो. पंखा शाबूत असतो. त्यात फक्त चिंध्या, प्लॅस्टिकची पिशवी किंवा झाडाची मुळे अडकलेली असतात. येथे बदलावयाचे काहीच नसते.

पंखा बदलण्याची रीत

हे काम जोडारी किंवा वीजतंत्री यांचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने करावे. तथापि देखरेख करणाऱ्याला क्रम माहीत असला पाहिजे, कारण अर्धवट दुरुस्तीचा खर्च पंचायतीलाच सोसावा लागतो.

आरंभ नामपट्टिकेपासून करावा. पंपाची बनावट, नमुना, अश्वशक्ती, उंची, पाण्याचे प्रमाण आणि फेरे उतरवून घ्यावेत. नवा पंखा त्याच नमुन्याचा व त्याच व्यासाचा असावा. "थोडा मोठा बसवा, पाणी जास्त येईल" असा सल्ला कधीकधी दिला जातो. तो धोक्याचा आहे. पंख्याचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर त्यास लागणारी शक्ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. ती मोटारीस पेलत नाही आणि वेटोळे जळते. खरेदीच्या वेळी जुना पंखा नमुन्यासाठी बरोबर न्यावा. मोटारीच्या मागे हवा घालणारा जो पंखा असतो तो निराळा. मागणीपत्रात 'इंपेलर' असा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे घोटाळा होत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य खटका बंद करून फ्यूज काढून घ्यावेत व ते काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावेत. कृषी वाहिनीवर वीज कोणत्याही क्षणी येते. त्यात स्वयंचलित स्टार्टर असेल तर मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत उतरून काम करावयाचे असल्यास एकट्याने कधीही उतरू नये. डिझेल इंजिन विहिरीत चालविले असेल तर तेथे विषारी वायू साचतो. त्यास वास नसतो आणि पेटता कंदील खाली सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीने तो कळत नाही. अशा विहिरीत पुरेशी हवा खेळवल्याशिवाय आणि वर दोर धरलेली माणसे असल्याशिवाय उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

त्यानंतर बाहेर जाणाऱ्या नळावरील झडप बंद करावी आणि तळाचे बूच काढून कवचातील पाणी सोडून द्यावे. कवच व मोटार यांच्या सांध्यावर छिन्नीने किंवा रंगाने एक खूण करावी, म्हणजे जोडताना तोंड चुकत नाही. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. काही पंपांत नळांना हात न लावता मोटार पंख्यासह मागे ओढून घेता येते. काहींत ओढीकडील भाग सोडवावा लागतो.

पंखा दिसू लागल्यावर दांडा फिरणार नाही अशा रीतीने धरून मधली चाकी सोडवावी. तिचे आटे पंख्याच्या फिरण्यामुळे घट्ट होतील अशा दिशेचे असतात. म्हणून कोणत्या दिशेने ती सुटते हे आधी पाहावे आणि उलट्या दिशेने जोर लावून आटे मोडू नयेत. चाकी निघाल्यावर पंखा दांड्यावरून ओढून काढावा. गंजामुळे तो धरून बसला असेल तर रॉकेल किंवा गंज सोडविणारे तेल सोडून काही वेळ थांबावे. समोरासमोर दोन पट्ट्या घालून किंवा ओढकाने तो सारखा ओढावा. हातोड्याचे घाव घातल्यास दांडा वाकतो. मग पंखा नवा असूनही पंप थरथरतो आणि बेअरिंगे निकामी होतात.

आता तपासणी. दांड्यावरील चावी व तिची खाच ठीक आहे काय? दांडा हाताने हलवून पाहता बेअरिंगात ढिलाई जाणवते काय? झीज-कडे आणि पंख्याचे तोंड यांच्यात फट फार झाली आहे काय? ही फट वाढली की पंख्याने दाबलेले पाणी पुन्हा डोळ्याकडे परत जाते आणि पंप तेच पाणी घोळवीत बसतो. अशा वेळी नव्या पंख्याबरोबर झीज-कडेही बदलणे आवश्यक असते. पंप खोललाच आहे तर यांत्रिक सीलही नवे घालावे. त्याच्या दोन चकाकत्या पृष्ठांना बोट लावू नये. रबराच्या भागास साबणाचे पाणी लावून ते बसवावे. जेथे सीलऐवजी ग्लँडची दोरी असते तेथे ती फार घट्ट आवळू नये. पंप चालू असताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळणे इष्ट असते, कारण त्यानेच दांडा थंड राहतो.

चावी जागेवर ठेवून नवा पंखा दांड्यावर सरकवावा, चकती व चाकी बसवावी आणि दांडा हाताने फिरवून पाहावा. तो कोठेही घासता कामा नये. कवचाच्या सांध्यातील जुना कागद पूर्ण खरवडून काढून त्याच जाडीचा नवा घालावा. पुष्कळ पंपांत पंखा आणि कवच यांमधील अंतर या कागदाच्या जाडीवरच ठरते. जाड रबरी तुकडा घातल्यास सांधा गळत नाही, पण पाणी मात्र घटते. बोल्ट पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

शेवटी पंपात पाणी भरून हवा पूर्ण काढून टाकावी. कोरडा पंप क्षणभरही चालवू नये. बाहेर जाणारी झडप बंद ठेवून मोटार सुरू करावी, फिरण्याची दिशा पाहावी आणि झडप सावकाश उघडावी. या जातीचा पंप झडप बंद असताना सर्वांत कमी शक्ती घेतो, त्यामुळे सुरुवातीस मोटारीवर भार पडत नाही. पंप स्थिरावल्यावर विजेचा प्रवाह किती अँपिअर आहे ते पाहून पिंपाची चाचणी पुन्हा घ्यावी आणि दोन्ही आकडे नोंदवावेत.

कूपनलिकेतील सबमर्सिबल पंपात एकावर एक असे अनेक पंखे असतात व त्यांतील पुष्कळसे आता प्लॅस्टिकच्या जातीचे असतात. ते जागेवर बदलण्याचा प्रयत्न न करता पंप कार्यशाळेत न्यावा. निदानाचे नियम मात्र तेथेही हेच लागू पडतात.

बोटीवरील भावंड

पूरपरिस्थितीत बचावासाठी वापरल्या जाणाऱ्या रबरी बोटींच्या मागे जे लहान यंत्र लावलेले असते, त्यातही एक पाण्याचा पंप असतो. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या आणि चिपळूणच्या २०२१ च्या महापुरात अशा बोटींचे मोल सर्वांनी पाहिले. आपत्ती व्यवस्थापनाशी संबंधित अधिकाऱ्यांनी या पंपाचा स्वभाव जाणून घेणे उपयुक्त ठरेल, कारण तो विहिरीवरील पंपाहून भिन्न आहे.

हा पंप नदीचे पाणी खालून घेऊन यंत्र थंड ठेवण्यासाठी वर पाठवितो. त्याचा पंखा रबराचा असून तो एका विषमकेंद्री कोठडीत दाबून बसविलेला असतो. फिरताना त्याची पाती आळीपाळीने वाकतात व सरळ होतात आणि पाणी पुढे ढकलतात. या पात्यांना वंगण असते ते पाण्याचेच. बोट काठावर असताना "चालते की नाही पाहू" म्हणून यंत्र कोरडे सुरू केले तर अल्पावधीतच रबर जळते. दुसरा धोका न वापरण्याचा. यंत्र वर्षभर गोदामात पडून राहिले की वाकलेली पाती तशीच ताठरतात, रबरास चिरा पडतात आणि ऐन पुराच्या वेळी यंत्र तापून बंद पडते. यंत्र चालू असताना त्याच्या मागील छिद्रातून पाण्याची बारीक धार सतत पडत असते. ती दिसेनाशी झाली की यंत्र तत्काळ बंद करावे आणि आधी छिद्रात कचरा आहे काय ते पाहावे.

हा पंखा उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, आणि वापर थोडा असला तरी पावसाळ्यापूर्वी तपासून, बदलणे श्रेयस्कर. त्यासाठी प्रथम पेट्रोलचा पुरवठा बंद करून ठिणगीच्या प्लगची तार काढून ठेवावी. नंतर यंत्राचा खालचा दंतचक्रांचा भाग बोल्ट काढून व गिअरची कांडी सोडवून खाली उतरवावा लागतो. उभ्या दांड्यावर पंपाची कोठडी दिसते. ती उघडून जुना पंखा व त्याची चावी काढावी. पात्यांचा एखादा तुकडा तुटला असेल तर तो शोधून काढावा; तो वर नळीत अडकल्यास नवा पंखा बसवूनही पाणी वर जाणार नाही. नव्या पंख्यास साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावून, दांडा त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवीत कोठडी खाली दाबावी, म्हणजे सर्व पाती एकाच बाजूस योग्य तऱ्हेने वाकतात. काम संपल्यावर खालचा भाग पाण्याच्या टाकीत बुडवून यंत्र चालवावे आणि धार पाहावी.

हिशेब आणि नोंदवही

झिजलेल्या पंख्याची खरी किंमत वीजबिलात दडलेली असते. समजा, गावाची टाकी ५०,००० लिटरची आहे. सेकंदास ५ लिटर देणारा पंप ती सुमारे पावणेतीन तासांत भरतो. पंखा झिजून पाणी ३ लिटरवर आले तर त्याच टाकीस चार तास अडतीस मिनिटे लागतात. पंप ताशी ४ युनिट वीज घेत असेल, तर रोज सात युनिटांहून अधिक आणि महिन्यास सुमारे २२० युनिट वीज जादा जळते. झिजलेला पंप विजेची ओढ थोडी कमी करतो असे धरले तरी हा तोटा लहान नाही. त्यातही जेथे त्रिफेज वीज ठराविक तासच मिळते तेथे टाकी भरतच नाही, आणि गावाच्या शेवटच्या टोकाच्या वस्तीस पाणी मिळत नाही. तेथील कुटुंबे बहुधा सर्वांत गरीब असतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने, १९९२ साली, पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत आला. २०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्येही योजना पूर्ण झाल्यावर ती चालविण्याची जबाबदारी गावाकडेच सोपविण्याचे तत्त्व आहे. घरोघरी नळ पोहोचले तरी त्या साऱ्या नळांच्या मुळाशी फिरणारा पंखा एकच असतो. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने पंपासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत नामपट्टिकेवरील माहिती, बसविल्याची तारीख, दरमहा पिंप भरण्यास लागलेले सेकंद, अँपिअर, विहिरीतील पाण्याची पातळी आणि प्रत्येक दुरुस्तीचे कारण एवढेच रकाने पुरेत. पिंप भरण्याचा वेळ नव्या पंपाच्या तुलनेत एक-चतुर्थांशाने वाढला की तपासणीचा निर्णय मासिक सभेत घ्यावा. ही तपासणी फेब्रुवारीतच उरकावी. एप्रिलमध्ये कारागीरही मिळत नाही आणि सुटे भागही.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने एक पंखा, एक सील, एक फूट व्हॉल्व्ह आणि सांध्याचे कागद एवढा संच पंचायतीच्या कपाटात ठेवल्यास ऐनवेळची धावपळ टळेल. शाळांतील विज्ञान शिक्षकांनाही येथे मोठी संधी आहे. रवी आणि ताक यांच्यापासून आरंभ करून जुना, झिजलेला पंखा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि पिंपाची मासिक चाचणी घड्याळ लावून त्यांच्याकडून करून घ्यावी. पुस्तकातील वेग, दाब आणि झीज यांचा अर्थ त्यांना गावच्या विहिरीवर कळेल आणि पंचायतीच्या नोंदवहीत दरमहा एक विश्वसनीय आकडाही पडेल.

नवीन पंप घ्यावाच लागेल अशा वेळाही येतात. कवच फुटलेले असते, दांडा वाकलेला असतो किंवा विहिरीची खोली व पंपाची क्षमता यांचा मेळच बसत नाही. परंतु तो निर्णय पंप खोलून, पंखा पाहून आणि नोंदवही वाचून घेतला जावा. तसे झाल्यास मालेगावसारख्या माथ्यावरील तालुक्यात, जेथे चैत्र-वैशाखात विहिरीतील प्रत्येक हात पाण्याला मोल असते, तेथे निदान पंपाच्या दोषामुळे कोणाच्या डोक्यावर हंडा चढणार नाही.